लॅक्टिक ॲसिडच्या नोंदी: संक्रांतीच्या कांजीपासून मे महिन्यातल्या दह्यापर्यंत

टायट्रेशनचा संच घरी नीट बसला, ही या खेपेची मोठी बातमी. ब्युरेट, स्टँड, एन/१० ताकदीचा कॉस्टिक सोडा आणि फिनॉल्फ्थॅलिन हा रंग बदलणारा सूचक. आतापर्यंत नुसत्या पीएच मीटरवर काम चालायचं आणि त्यातून अर्धीच गोष्ट कळायची. पीएच सांगतो की पदार्थात या क्षणी आंबटपणाचा जोर किती आहे. एकूण आम्ल किती साठलंय, हे टायट्रेशन सांगतं. जिभेला जे आंबट लागतं त्यात दोन्हींचा वाटा असतो. म्हणूनच एकाच पीएचची दोन दही चवीला वेगळी लागू शकतात.

रीत सोपी आहे. दहा ग्रॅम दही तेवढ्याच डिस्टिल्ड वॉटरमध्ये फेटायचं, फिनॉल्फ्थॅलिनचे काही थेंब टाकायचे आणि ब्युरेटमधून कॉस्टिकचं द्रावण थेंबथेंब सोडायचं. फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबायचं. जितके मिलिलिटर लागले त्याला ०.०९ ने गुणलं की लॅक्टिक ॲसिडची, म्हणजे दही-कांजीला आंबट करणाऱ्या आम्लाची, टक्केवारी मिळते. कॉस्टिक हाताळताना चष्मा आणि हातमोजे हवेतच.

एक गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात ठेवलेली बरी. ताजं दूध मोजलं तरी ०.१४ टक्क्यांच्या आसपास आकडा येतो, आणि ताज्या दुधात लॅक्टिक ॲसिड जवळपास नसतंच. तो आकडा दुधातल्या केसीन या प्रथिनाचा आणि फॉस्फेटचा असतो. त्यामुळे दह्याच्या आकड्याइतकाच, किंबहुना थोडा जास्त, महत्त्वाचा असतो तो दुधापासून दह्यापर्यंतचा फरक.

आणखी एक आकडा मी फ्रिजच्या दारावर लिहून ठेवलाय: ३.८६. हा लॅक्टिक ॲसिडचा पीकेए. भोवतालचा पीएच ३.८६ असेल तर निम्मे रेणू ॲसिडच्या रूपात असतात आणि निम्मे हायड्रोजन सोडून लॅक्टेट झालेले असतात. पीएच त्याच्या खाली गेला की ॲसिड वाढतं, वर गेला की लॅक्टेट. बरणी, मांडी आणि चेहऱ्यावरचं सीरम या तिन्ही ठिकाणी हा रेणू इतका वेगळा का वागतो, त्याचं उत्तर मला या एका आकड्यात सापडत गेलं. म्हणून यंदाच्या नोंदी त्याच्याच धाग्याने लावल्यात.

कांजी (जानेवारी)

नागपूरच्या गोकुळपेठ बाजारातली लाल गाजरं, थोडं बीट, भरडलेली मोहरी. काळी गाजरं आपल्याकडे सहज मिळत नाहीत, पण रंगाचं काम बीट चोख करतं. मीठ चमच्याने मोजायचं मी सोडून दिलंय. पाणी आणि भाजी मिळून जे वजन भरेल त्याच्या अडीच टक्के मीठ घेते.

आपल्या थंडीत कांजी सावकाश होते आणि ते फार चांगलं असतं. आधी ल्युकोनोस्टॉक जातीचे जीवाणू कामाला लागतात. ते लॅक्टिक ॲसिडसोबत कार्बन डायऑक्साइडही सोडतात, म्हणून पहिल्या टप्प्यात बरणीत बुडबुडे दिसतात. आंबटपणा वाढला की त्यांचा जोर ओसरतो आणि प्लँटारम हा दुसरा जीवाणू पुढे येतो. त्याला आम्ल जास्त सोसतं. बुडबुडे थांबले म्हणजे काम संपलं असं वाटतं, पण मीटर लावला तर पीएच उतरतच असतो. यंदाची बरणी ३.५ वर स्थिरावली.

३.५ ला सुमारे ७० टक्के रेणू ॲसिडच्या रूपात असतात. त्या रूपावर विद्युतभार नसतो, त्यामुळे ते सडवणाऱ्या जीवाणूच्या पातळ आवरणातून सरळ आत शिरतात. आतला पीएच सातच्या जवळ असतो. तिथे पोचताच ते हायड्रोजन सोडतात आणि जीवाणूची सगळी शक्ती तो हायड्रोजन बाहेर उपसण्यात खर्ची पडते. लोणचं किंवा कांजी टिकते ती अशी. ४.६ च्या खाली बोट्युलिझमचा, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचा, जीवाणू वाढत नाही. सुरक्षिततेसाठी जगभर हीच रेषा धरतात. बरणी तिच्या खाली उतरल्याची मीटरवर खात्री होईपर्यंत मी कुणाला पेला भरून देत नाही.

जुन्या पुस्तकांत वाचणाऱ्यांसाठी सांगते, लॅक्टोबॅसिलस प्लँटारम आता लॅक्टिप्लँटीबॅसिलस प्लँटारम झालाय. २०२० मध्ये लॅक्टोबॅसिलसचा तो अवाढव्य गट फोडून त्याचे पंचवीस वंश (जीनस) केले गेले.

दही (एप्रिल-मे)

खरा अभ्यास इथे झाला. पुण्या-मुंबईकडच्या पाककृतीत ‘दही रात्रभर उबदार जागी ठेवा’ असं लिहिलेलं असतं. नागपुरात मे महिन्यात उबदार जागा शोधावी लागत नाही, थंड जागा शोधावी लागते. बाहेर पंचेचाळीसच्या वर पारा आणि बंद स्वयंपाकघरात दुपारी चाळीस. सकाळी लावलेलं दही जेवणाच्या वेळेपर्यंत आंबट होऊन वर पाणी सुटतं, हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. ते का होतं, ते मला आकड्यांत पाहायचं होतं.

घरच्या विरजणात एकच जीवाणू नसतो, मोठा मेळा असतो. लॅक्टोकॉकस लॅक्टिसला तिशीच्या आसपासचं तापमान मानवतं. त्याच्या सोबतीला असणारे काही भाईबंद दुधातल्या सायट्रेटपासून डायअ‍ॅसिटिल बनवतात. लोण्याचा तो गोडसर वास त्याचाच. स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि बल्गेरिकस ही जोडी मात्र ४२ अंशांच्या आसपास रंगात येते. दह्यापेक्षा योगर्टकडे झुकणारी तीक्ष्ण चव ती देते. म्हणजे जागा बदलली की त्याच विरजणातून कोण पुढे येणार, हेही बदलतं.

म्हणून एकाच दुधाची दोन भांडी लावली, विरजण सारखंच. एक ओट्यावर ठेवलं, दुसरं मातीचं, कूलरच्या वाऱ्यात. वाळ्याच्या ताट्या ओल्या असल्या की तिथे तापमान २९-३० वर राहतं. मे महिन्याची हवा कोरडी असते म्हणून हे जमतं. जुलैत दमट हवेत कूलरही हात टेकतो.

ओट्यावरचं दही झपाट्याने लागलं. पीएच ४.६ ला आला की केसीनचे कण एकमेकांना धरतात आणि दूध बसतं. ही पायरी दोन्ही भांड्यांत आली, फक्त कूलरजवळच्या भांड्यात उशिरा. फरक पुढे दिसला. कूलरजवळचं ४.४ वर रेंगाळलं, आम्लता ०.८ टक्के, कवडी घट्ट आणि वास असा की झाकण उघडताच सासूबाई म्हणाल्या, ‘हे आमच्या हिंगण्याच्या घरचं दही.’ ओट्यावरचं थांबलंच नाही. फ्रिजमध्ये ठेवूनही दुसऱ्या दिवशी ते १.१ टक्क्याच्या पुढे गेलं होतं. बल्गेरिकस थंडीतही हळूहळू आम्ल करत राहतो, म्हणून उन्हाळ्यातलं दही फ्रिजमध्येही आंबट होत जातं.

माझा निष्कर्ष असा: उन्हाळ्यात विरजणाचं प्रमाण कमी करून भागत नाही. त्याने वेळ लांबते, पण मेळ्यातला तोल तसाच राहतो. तापमान उतरवलं तरच चव बदलते. आणि विरजण पुढच्या दह्यासाठी काढायचं तर थंड जागी लागलेल्या दह्यातूनच काढावं. ओट्यावरच्या दह्यातून सलग विरजण घेत गेलं की तो लोण्याचा वास हळूहळू नाहीसा होतो. मला या सगळ्या नोंदींत ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

१७८० मध्ये कार्ल विल्हेल्म शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने आंबलेल्या दुधातूनच हे ॲसिड पहिल्यांदा वेगळं केलं. हे काम जीवांचं आहे, हे पाश्चरने १८५७ मध्ये दाखवलं. कूलरसमोर बसून थर्मामीटर वाचताना त्या माणसांविषयी मनात फार आदर दाटून येतो.

सेमिनरी हिल्सचा चढ

सकाळी आमचा धावणाऱ्यांचा गट असतो. त्यातल्या एका दादांकडे बोटातल्या थेंबावर रक्तातलं लॅक्टेट मोजणारं यंत्र आहे. मला ते बघून राहवलं नाही. धावण्याआधी माझा आकडा लिटरमागे १.३ मिलीमोल आला. विश्रांतीत एकाच्या आसपास असणं सर्वसाधारण. चढावर जोरात धावून लगेच घेतलेला आकडा ९ च्या वर. मग हळूहळू चालत राहिले आणि अर्ध्या-पाऊण तासाने तो ३ च्या खाली आला.

दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या होत्या. गटात कुणी ना कुणी म्हणतंच, ‘लॅक्टिक ॲसिड साचलंय.’ तेव्हा पुन्हा मोजलं तर आकडा विश्रांतीचा. व्यायामानंतर तासाभरात लॅक्टेट जवळपास पूर्वपदावर येतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचं दुखणं स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेचं आणि त्यानंतरच्या दाहाचं असतं. उतारावर धावलं की ते जास्त होतं.

आणि स्नायूत हा रेणू ॲसिड म्हणून राहतच नाही. पीएच सातला चौदाशे रेणूंत जेमतेम एक ॲसिडच्या रूपात असतो, बाकी सारं लॅक्टेट. १९०७ मध्ये फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी बेडकाच्या थकलेल्या स्नायूंत ते साठलेलं पाहिलं, आणि तेव्हापासून त्याच्या कपाळी थकव्याचा दोष बसला. पुढे कोरी दांपत्याने दाखवलं की यकृत त्या लॅक्टेटपासून पुन्हा ग्लुकोज घडवतं. १९४७ चं नोबेल त्या दोघांनाही मिळालं. १९८० च्या दशकात जॉर्ज ब्रूक्स यांनी मांडलं की एका स्नायूत तयार झालेलं लॅक्टेट दुसरा स्नायू आणि हृदय इंधन म्हणून जाळतात. चढ संपल्यावर बसून न राहता चालत राहिलं की आकडा लवकर उतरतो, तो यामुळेच. चालणारे पाय ते वापरून टाकतात.

मोजणाऱ्यांसाठी सूचना: घामातही लॅक्टेट भरपूर असतं. आपल्या उन्हाळ्यात बोट धुऊन, कोरडं करून, पहिला थेंब पुसून दुसरा घ्या. नाहीतर आकडा फुगतो.

भाचीचा प्रश्न

भाची सीरमची बाटली घेऊन आली. ‘मावशी, यात दहा टक्के लॅक्टिक ॲसिड आहे. त्यापेक्षा तुझं दहीच लावू का चेहऱ्याला?’

मी तिला गणित करून दाखवलं. दह्यात ०.८ टक्के, आणि ४.४ पीएचला त्यातला जेमतेम पाचवा हिस्सा ॲसिडच्या रूपात. म्हणजे ०.२ टक्क्यांच्याही खाली. सीरमचा पीएच ३.८ धरला तर दहातले पाच टक्के ॲसिड म्हणून हजर. मेलेल्या पेशींची पकड सैल करण्याचं काम मुख्यतः हे रूप करतं. तेव्हा दह्याने चेहरा मऊ वाटेल, थंड वाटेल, पण सीरमचं काम ते करणार नाही. उलट लॅक्टेटच्या रूपाचंही त्वचेत मोल आहेच. त्वचा स्वतःमध्ये ओलावा धरून ठेवते त्या नैसर्गिक घटकांत सुमारे १२ टक्के लॅक्टेट असतं.

मात्र मे महिन्यात सुरुवात करायला मी तिला मना केलं. अशा ॲसिडने त्वचा उन्हाला जास्त हळवी होते आणि तिला दुपारच्या उन्हात वर्धा रोडने कॉलेजातून यायचं असतं. पाऊस सुरू झाल्यावर, रात्री, आठवड्यातून एकदोनदा, कमी टक्क्याने आणि सकाळी सनस्क्रीन. माझ्या कामाच्या कपाटात ८८ टक्के लॅक्टिक ॲसिडची बाटली आहे, तिला तिने हात लावायचा नाही, हेही बजावलं. ती त्वचा जाळते.

पुढचा टप्पा

कुरडयांचे गहू परवा भिजत घालतेय. ते आंबतात आणि रोज पाणी बदललं जातं. माझा प्रश्न असा की आम्ल दाण्यात मुरतं की ओतलेल्या पाण्याबरोबर वाहून जातं? त्यासाठी रोजचं काढलेलं पाणी आणि वाटलेले मूठभर गहू दोन्ही मोजायचं ठरवलंय. वाटलेल्या गव्हाला गुलाबी रंग ओळखू येईल का ही शंका आहे. तसं झालं तर गाळून वरचं पाणीच घेईन.

महालक्ष्म्यांच्या आंबिलीसाठी ज्वारीचं पीठ ताकात भिजवायचं ते भाद्रपदात. तोपर्यंत मीटर जुळवून घ्यायला ४.०१ आणि ७.०० पीएचचे बफर, म्हणजे ठरलेल्या पीएचची द्रावणं, नवे आणायचेत. उन्हाळ्यात उघडलेले जुने बाद झालेत.