गाय माजावर येत नाही? सुईआधी तपासणी

बडोद्याच्या पट्ट्यात, सावलीपासून डभोईपर्यंत, उन्हाळा तापला की पशुपालकांची एकच मागणी असते: गाय विऊन चार महिने झाले, माजावर येत नाही, एखादं इंजेक्शन द्या. पण कोणतं इंजेक्शन, हे गाईच्या बीजांडकोशावर काय आहे त्यावरून ठरतं. गुदाशयातून हात घालून किंवा सोनोग्राफीने ते पाहिलं नाही, तर पैसे तर जातातच. शिवाय गाय आधीच गाभण असली तर माज आणण्यासाठी दिलेल्या प्रोस्टाग्लँडिन या संप्रेरकाने गाभडते. असा गर्भपात पूर्णपणे टाळता येण्यासारखा असतो, म्हणून मी या मुद्द्यावर अडून बसतो.

माजाचं चक्र 21 दिवसांचं, 18 ते 24 मध्ये कुठेही. माज ओसरल्यावर 10-12 तासांनी बीज सुटतं, त्या जागी पीतपिंड बनतो आणि प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक सोडत राहतो. तो असेपर्यंत पुढचा माज येत नाही. गर्भ राहिला नाही तर 17व्या दिवसाच्या सुमारास गर्भाशयच प्रोस्टाग्लँडिन सोडून पीतपिंड विरघळवतं. क्लोप्रोस्टेनॉलची (कृत्रिम प्रोस्टाग्लँडिनची) 500 मायक्रोग्रॅमची मात्रा हेच काम बाहेरून करते. मात्र माजानंतरचे पहिले पाच दिवस कोवळा पीतपिंड तिला दाद देत नाही आणि जिथे पीतपिंडच नाही तिथे ती वाया जाते.

‘माजावर येत नाही’ म्हणून दाखवलेल्या कितीतरी गाईंना तपासणीत चांगला पीतपिंड सापडतो. म्हणजे माज येऊन गेलेला असतो, कुणी पाहिलेला नसतो. पहाटे धार काढण्याआधी आणि रात्री झोपण्यापूर्वी वीस मिनिटं नुसतं उभं राहून पाहा. दुसरी गाय अंगावर चढली तरी जी हलत नाही, ती खरी माजावर. शेपटीला वाळून चिकटलेला सोटही (योनीतून येणारा चिकट स्राव) बरंच सांगतो. सुरती म्हशीचा माज मुका, त्यात उन्हाळा, तेव्हा तिथे डोळा जास्तच लागतो.

माज पकडणं जमतच नसेल तर ओव्हसिंक, म्हणजे सुया देऊन ठरल्या वेळी बीज सोडवायचं आणि रेतन करायचं वेळापत्रक. सोमवारी सकाळी 8 वाजता बुसेरेलिन (बीज सोडवणारं औषध) 10 मायक्रोग्रॅम (मिलीला 4 मायक्रोग्रॅमची बाटली असेल तर अडीच मिली). पुढच्या सोमवारी सकाळी 8 वाजता क्लोप्रोस्टेनॉल. त्यानंतर 56 तासांनी, म्हणजे बुधवारी दुपारी 4 वाजता, पुन्हा बुसेरेलिन. गुरुवारी सकाळी 8 वाजता रेतन, माज दिसो वा न दिसो. सगळ्या सुया स्नायूत. बिघडतं ते बहुतेक बुधवारी: दुपारी कुणी मोकळं नसतं, इंजेक्शन गुरुवारी सकाळी रेतनाबरोबरच उरकलं जातं आणि बीज सुटण्याची वेळ घसरते. मधेच गाय उघड माजावर आली तर वेळापत्रक सोडा आणि सकाळी दिसली तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसली तर सकाळी रेतन करा. कालवडींना हे वेळापत्रक नीट लागू पडत नाही. चांगल्या खाल्ल्या-पिल्ल्या गाईंतही दहापैकी तीन-चार फळल्या तर ठीक म्हणायचं. कुणी शंभर टक्क्यांची हमी दिली तर विश्वास ठेवू नका.

तपासणीत बीजांडकोश छोटे, गुळगुळीत लागले आणि गाईच्या फासळ्या मोजता येत असतील, तर आधी गव्हाण सुधारा. पुरेसा चारा, पेंड आणि रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण. काही आठवड्यांनी अंग भरू लागलं की योनीत प्रोजेस्टेरॉनचं उपकरण 7 दिवस ठेवता येतं. ठेवण्याआधी योनीचं तोंड धुऊन पुसा, हातमोजे घाला आणि बाहेर राहणारा दोरा आखूड कापा, नाहीतर शेजारची गाय तो चघळून उपकरण ओढून काढते. काढताना क्लोप्रोस्टेनॉल आणि ईसीजी (बीजांडकोशाला चालना देणारं संप्रेरक) 400 ते 500 युनिट. दोन-तीन दिवसांत माज दिसतो. उपकरणाला पिवळसर चिकट स्राव लागलेला असतो, त्याने घाबरू नका. घाण वास येत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

बीजांडकोशावर पुटिका (पाण्याने भरलेली गाठ) झालेल्या गाईचा उपचार वेगळा, तो डॉक्टरांवर सोडा.

क्लोप्रोस्टेनॉलची बाटली घरातल्या गरोदर बाईने किंवा दमेकऱ्याने हाताळू नये. ते कातडीतून शरीरात शिरतं. सांडलं तर लगेच साबण-पाण्याने धुवा. गोठवलेल्या रेतमात्रेची नळी 37 अंशांच्या पाण्यात 30 सेकंद ठेवून कोरडी पुसायची, कारण पाण्याचा थेंबही शुक्राणू मारतो. रेतनानंतर 18 ते 24 दिवसांनी गाय उलटते (पुन्हा माजावर येते) का ते पाहा. उलटली नाही म्हणून गाभण धरू नका: सोनोग्राफीने 30व्या दिवसानंतर, हाताने 60व्या दिवशी खात्री करा आणि तोवर तिला प्रोस्टाग्लँडिन देऊ नका.