भूगोलाचा पेपर झाला नाही, तर काय बिघडले?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहिते आहे, आणि तुम्ही म्हणजे कोणी एक नाही. पालकसभेत, लग्नाच्या पंगतीत, स्टाफरूममध्ये आणि एकदा तर भरलेल्या एसटीत हा प्रश्न मला जवळजवळ त्याच शब्दांत विचारला गेला आहे: २०२० साली दहावीचा भूगोलाचा पेपर झालाच नाही, तरी निकाल लागला, मुले अकरावीला गेली, कोणाचे काही अडले नाही, मग हा विषय दहावीला असावाच कशाला? विचारणारा बहुधा हसत असतो, आणि दहावीला इतिहास, राज्यशास्त्र व भूगोल असे सगळेच शिकवणारी मीही हसून वेळ मारून नेते.

माझे ठेवणीतले उत्तर असे आहे. २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला, हे तुमच्या लक्षात राहिले आहे. पण २०२१ मध्ये कोणत्याच विषयाची परीक्षा झाली नाही, शाळांच्या अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लावला गेला आणि तो ९९.९५ टक्के लागला, तेव्हा आमच्या गणिताच्या सरांना कोणी विचारले नाही की गणित हवेच कशाला. एवढे ऐकले की समोरचा गप्प बसतो. बरीच वर्षे मला त्याचे समाधान होते, अलीकडे ते राहिलेले नाही, कारण या उत्तरातील पळवाट मला दिसते. गणिताची गाठ निदान विज्ञान शाखेकडे जाणाऱ्यांशी पुन्हा पडते. भूगोलाची आमच्या बहुतेक मुलांशी पडत नाही. त्यांच्यासाठी दहावीचा पेपर म्हणजे नकाशाचा कोरा आराखडा हातात येण्याची शेवटची वेळ असते, आणि त्या वर्षीच्या मुलांना ती मिळाली नाही.

आमची शाळा माणदेशात आहे. दहावीच्या पुस्तकात २०१८ पासून भारत आणि ब्राझील यांची पाठोपाठ तुलना आहे. ते पुस्तक आले तेव्हा सर्वांत आधी नाक मुरडले ते मीच. आपल्या मुलांना शेजारचा जिल्हा नकाशात धड दाखवता येत नाही, त्यांना ॲमेझॉनचे खोरे काय कामाचे, असे मी स्टाफरूममध्ये मोठ्याने म्हटले होते. आज पालक तेच बोलतात तेव्हा आपलाच उष्टा शब्द ताटात परत आल्यासारखे होते. (माझी पदवी इतिहासाची आहे. भूगोल मला वेळापत्रकाने दिला, हेही सांगून टाकते.)

माझे मत हलले ते हवामानाच्या पाठात. ब्राझीलमध्ये समुद्रावरून येणारे वारे अजस्र कड्याला अडतात, किनाऱ्याकडे पाऊस देतात आणि कड्यापलीकडच्या ईशान्य भागात फारच थोडा पाऊस पडतो. पुस्तकात त्या भागाला अवर्षण चतुष्कोन म्हटले आहे. फळ्यावर वारा, कडा आणि पलीकडची कोरडी जमीन काढून मी वळले, तेव्हा शेवटच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, हे तर आपलंच की. कडा म्हंजी सह्याद्री, आन् आपुन हितं मागल्या अंगाला." त्याच्या घरची माणसे दिवाळीनंतर मेंढरे घेऊन घाट उतरतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि त्याच जिल्ह्यात आमच्याकडे जेमतेम पाचशे, हा फरक इतरांनी कोष्टकात वाचला होता. त्याने तो पायी चालून पाहिला होता. पुढचा अर्धा तास खरे तर त्यानेच शिकवला. घाटमाथ्यावर गवत कसे बदलते, कोणत्या खिंडीपासून हवा ओलसर लागते, कोकणातल्या शेतात मेंढरे बसवण्याचा मोबदला धान्यात कसा मिळतो, हे तो सांगत गेला आणि 'भौगोलिक कारणे लिहा' या प्रश्नाची पाठ करून घ्यायची उत्तरे मी त्या दिवशी वहीत उतरवून दिलीच नाहीत.

या मुलाला इंग्रजी येत नव्हते आणि बीजगणिताच्या तासाला तो खिडकीबाहेर पाहत बसे. पूर्वपरीक्षेत त्याला भूगोलात चाळीसपैकी तेहतीस गुण होते. नकाशाच्या प्रश्नात एकही चूक नव्हती.

२३ मार्च २०२० च्या सोमवारी भूगोलाचा पेपर होता. तो ऐन तोंडावर पुढे ढकलला गेला, मग टाळेबंदी लागली आणि एप्रिलमध्ये तो रद्द झाल्याचे जाहीर झाले. ती बातमी ऐकून मला वाईट वाटले, असे मी आजवर सर्वांना सांगत आले आहे. ते अर्धेच खरे आहे. पेपर तपासायचे गठ्ठे आता येणार नाहीत, या विचाराने मला आधी हायसे वाटले होते, आणि सुमारे १७ लाख मुलांना अशा काळात पुन्हा परीक्षेला बसवणे शक्य नव्हते, हे तेव्हाही कळत होते.

भूगोलाचे गुण मग इतर विषयांच्या लेखी परीक्षांतील गुणांच्या सरासरीने दिले गेले. मंडळापुढे दुसरी वाट होती, असे माझे म्हणणे नाही. पण त्या सरासरीचा अर्थ काय झाला, तो पाहा. आमच्या वर्गातील पहिल्या क्रमांकाची मुलगी, जी शेवटपर्यंत ब्राझीलची साओ फ्रान्सिस्को नदी नकाशात उलट्या दिशेने वाहवत होती, तिला भूगोलात चाळीसपैकी अडतीसच्या आसपास गुण पडले असतील. आणि तो मुलगा बीजगणितात व इंग्रजीत जितका कच्चा, तितकाच भूगोलातही कच्चा ठरला. मी त्याच्या गुणपत्रिकेवरून हिशेब केला, तो सतरा-अठराच्या वर जात नव्हता. गुणपत्रिकेत सामाजिक शास्त्रांचा एकच आकडा असतो, त्यामुळे आपले काय गेले हे त्याला कागदावर दिसणारही नव्हते.

ऑगस्टमध्ये तो गुणपत्रिका घ्यायला आला. तोंडाला रुमाल बांधला होता. मी फाटकाशी टेबल टाकून बसले होते आणि मागे रांग होती. सही करून तो बाजूला झाला, गेला नाही, थोड्या वेळाने जवळ येऊन म्हणाला, "मॅडम, पेपर झाला असता तर भूगोलात मला किती पडलं असतं?" मी म्हणाले, "असू दे रे आता. पास झालास ना? सुटलास."

तुम्ही मला जे ऐकवता, तेच मी त्याला ऐकवले. तुमच्यापैकी कोणाला तो मुलगा ठाऊक नव्हता, म्हणून तुमचे चालून जाते. मला तो ठाऊक होता. त्याने मान हलवली आणि तो गेला. रांग होती, भीतीचे दिवस होते, फार बोलत बसणे बरे नव्हते, अशी कारणे मी स्वतःला पुष्कळ देऊन पाहिली आहेत, आणि ती खोटी नाहीत.

आणखी एक गोष्ट मी पालकसभेत कधीच बोलणार नाही. सामाजिक शास्त्रांचे वीस गुण शाळेच्या हातात असतात. २०१९ मध्ये अंतर्गत गुण बंद झाले, तेव्हा राज्याचा निकाल ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला आणि पुढच्या वर्षी ते गुण परत आले. परत आल्यावर आम्ही काय केले, हे तुम्हाला ठाऊकच आहे; सरसकट अठरा, एकोणीस, वीस. पोरांचे नुकसान का करायचे, असे मीही म्हणते आणि यंदाही म्हणेन. त्या मुलाला मी एकोणीस दिले होते. गृहपाठ दुसऱ्याच्या वहीतून उतरवणाऱ्यालाही एकोणीसच दिले होते. म्हणजे सरासरीने त्याला इतरांत मिसळून टाकले, ही माझी तक्रार जरी खरी असली, तरी त्याची सुरुवात मार्चच्या आधीच माझ्या पेनाने झाली होती.

मग हा पेपर दहावीला हवा की नको? पेपर वेगळा आणि विषय वेगळा, विषय पेपराशिवायही शिकवता येतो, असे एक उत्तर मला अधूनमधून पटते. त्या दिवशीचा अवर्षण चतुष्कोनाचा तास परीक्षेसाठी नव्हता, ही त्याची साक्ष. पण तोच तास घेतलेला मुलगा फाटकाशी उभा राहून मला विषयाबद्दल काही विचारत नव्हता. तो आकडा विचारत होता, आणि तेहतीस गुणांची ती उत्तरपत्रिका माझ्या मागच्या खोलीत, कपाटाच्या दुसऱ्या फळीवर होती.