पौषातले रोडगे आणि हिश्शाची भाजी

पौष लागला की आमच्या मंडळात एकच चौकशी सुरू व्हायची : यंदा शेतात काय काय आहे? वार्षिक संमेलनाची तारीख, हिशेबाचं वाचन, मुलांच्या शर्यती हे सगळं मागाहून. नागपूरजवळ कळमेश्वरच्या बाजूला एका शेतकरीभाऊंच्या शेतात मंडळातल्या घरांनी हिस्सा धरला होता. पावसाळ्याच्या तोंडावर पैसे आगाऊ द्यायचे आणि मग दर आठवड्याला जे निघेल त्याची टोपली घरी यायची. पीक चांगलं आलं तर टोपली भरून, गारा पडल्या तर जे वाचलं ते. अमेरिकेत १९८६ साली अशी शेतं उभी राहिली, जपानात त्याच्याही आधी. मंडळातल्या एका काकांनी हे कुठेतरी वाचलं आणि पिच्छाच पुरवला. संमेलनाचा स्वयंपाकही त्याच भाजीचा, हे मात्र बायकांनी ठरवलं. कॉटन मार्केटच्या भाजीबाजारातून एक जुडीसुद्धा आणायची नाही.

जानेवारीतला रविवार. नागपूरची थंडी तेव्हा हाडात शिरते. सकाळी शेतावर पोचलं की पुरुषमंडळी गोवऱ्या रचायला लागायची, कारण रोडगे त्यांच्याकडे. जाडसर दळलेली कणीक, एकात एक गुंडाळलेल्या पाऱ्या, निखाऱ्यात भाजून राख झटकायची, फोडायचे आणि वरून तूप. रोडगे ठरलेले, बाकी सगळं शेताच्या मर्जीवर. "जे निंगालं ते तुमचं, ताई," म्हणून भाऊ टोपल्या पुढे ठेवायचे आणि त्या बघूनच कोणती चूल कोणाची ते ठरायचं.

माझा जीव पालेभाजीत. हरभऱ्याचे शेंडे खुडायला आम्ही स्वतःच वाफ्यात उतरायचो. शेंडे खुडले की झाड आणखी फुटतं, म्हणून भाऊही खूश. ही भाजी धुवायची नाही, पानांवरची आंब जाते आणि तिच्याबरोबर चवही. खुडून बोटं चुरचुरायची. त्यातली थोडी कच्चीच बारीक चिरून कांदा, हिरवी मिरची, मीठ, तेल घालून घोळाना करायचा. तो पहिल्या रोडग्याबरोबर उभ्या उभ्याच संपायचा. करडईची भाजी भिजवलेली मुगाची डाळ घालून व्हायची. भंडाऱ्याकडच्या एक वहिनी लाखोळीची, म्हणजे लाखेच्या डाळीच्या पाल्याची, भाजी करायच्या. नागपुरात वाढलेल्या आमच्यासारख्यांना ती त्यांच्याच हातची ठाऊक.

वांग्यांचं काय सांगू! भरीत गॅसवर भाजलेलं आणि पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांच्या, जाळावर भाजलेलं, यात मला तुलनाच मान्य नाही. साल जळून काळी ठिक्कर पडली पाहिजे, आतला गर धुराचा वास घेऊन बाहेर आला पाहिजे. मग लसणाची पात, कांद्याची पात, ठेचलेली मिरची, शेंगदाणे आणि मूठभर सांबार, म्हणजे आमची कोथिंबीर. सांबार कमी पडला तर भरीत झालं असं मी म्हणणार नाही. उरलेली वांगी आलू आणि ओल्या तुरीच्या सोल्यांबरोबर रश्श्यात. तो तिखट रस्सा भिवापुरी मिरचीचा, वायगावच्या हळदीचा. दोन्ही आपल्याच भागातली, दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेलं. आम्हाला त्याचा केवढा अभिमान! सोले सोलायला मात्र सगळ्यांनी बसायचं, मंडळाच्या अध्यक्षांनीसुद्धा. वर्षभर ज्यांच्याशी नुसता नमस्कार व्हायचा, त्यांच्या घरची सुखदुःखं मला त्या शेंगांच्या ढिगाभोवती कळली.

एका वर्षी संमेलनाच्या तोंडावर अवकाळी पाऊस आला, सोबत गारा. पालेभाजी झोडपली गेली, वांगी फुटली, तुरीचा बहर जमिनीवर. भाऊंनी निरोप पाठवला की यंदा येऊ नका, द्यायला काही नाही. सभा भरली. पैसे परत मागायचा विषय कुणी काढलाच नाही. आपण हिस्सा पिकात धरला तसा गारांतही धरला, असं एक काकू म्हणाल्या आणि आम्ही गेलो. मातीखाली होते ते मुळे, गाजरं, रताळी वाचली होती. दिवाळीच्या टोपलीत आलेली कोहळी घराघरांत तशीच पडली होती, ती सगळ्यांनी परत शेतावर आणली. कोहळ्याची भाजी, गुळातली कोहळ्याची बोंडं, गोवऱ्यांत भाजलेली रताळी, मुळ्याची कोशिंबीर आणि रोडगे. भाऊंची आई आमच्या पंगतीत बसून जेवली. एरवी ती वाढायलाच उभी असायची. पुढच्या हंगामात एकाही घराने हिस्सा सोडला नाही. तीच पंगत मला सगळ्यांत जास्त आठवते.

दुपारी शर्यती, गाणी, हिशेब. हिशेब फार कुणी ऐकत नसे. ऊन कलायला लागलं की तुरीच्या शेंगा मीठ घालून मोठ्या गंजात उकडायला ठेवायच्या आणि त्या खातखातच सामान आवरायचं. उरलेली भाजी वाटून द्यायचा मान दर वर्षी नव्या सुनेला.

तेव्हा वाफ्यांतून हुंदडणारी मुलं आता पुण्याला, बंगळूरला आहेत. परवा त्यांच्यातल्या एकीचा फोन आला. तिकडे तिनेही शेजारणींसोबत एका शेतात हिस्सा धरलाय आणि पहिल्याच टोपलीत तुरीच्या शेंगा आल्यात. "काकू, किलोभर शेंगांत चार माणसांचा सोलेभात होईल का गं?" मी म्हटलं, होईल, पण सोलायला चौघांनाही बसव.