आमची वाटचाल: नेट बंद असलं तरी चालणारा सायकलवाल्यांचा नकाशा

आम्ही तिघं आहोत. एक जण कोड लिहितो, एक जण नकाशाचा डेटा बघते आणि उरलेलं सगळं माझ्याकडे, म्हणजे हिशेब, ईमेल, रिव्ह्यूंना उत्तरं आणि कुठला रस्ता सायकलला बरा यावरून त्या दोघांत होणारी भांडणं मिटवणं. आधी आम्ही दुसऱ्यांना अ‍ॅप बनवून द्यायचो, त्यात पैसे वेळेवर मिळायचे पण काम संपलं की ते अ‍ॅप आपलं राहायचं नाही. सायकलचा नकाशा हे आमचं स्वतःचं पहिलं काम, आणि आता मुख्य काम तेच आहे.

सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे शहरात तर सगळीकडे नेट असतं, मग ऑफलाइन कशाला? बरोबर आहे, जंगलात किंवा डोंगरात जाणाऱ्याला ऑफलाइन लागतो हे कुणालाही पटतं, शहरातल्याला का लागावा. सायकलवाल्याच्या बाजूने कारणं आहेतच, जुना फोन, संपत आलेला डेटा पॅक, भुयारी रस्त्यात गेलेली रेंज, सतत नेट वापरून उतरणारी बॅटरी. पण खरं सांगायचं तर पहिलं कारण आमच्या खिशाचं होतं. रस्ता आमच्या सर्व्हरवर शोधायचा ठरवला तर प्रत्येक माणूस रोज जेवढ्या वेळा रस्ता विचारेल तेवढ्या वेळा आम्हाला खर्च, आणि अ‍ॅपचे पैसे तर त्याने एकदाच दिलेले, म्हणजे ज्याला अ‍ॅप सगळ्यात जास्त आवडलं तोच आम्हाला सगळ्यात महाग पडणार. तेच सगळं गणित त्याच्या फोनवर झालं तर तो दिवसातून शंभर वेळा विचारू दे. तीन माणसांची कंपनी अजून उभी आहे ती या एका निर्णयामुळे, आणि याच निर्णयामुळे आमची काही दुखणीही आहेत, ती पुढे सांगतो.

नकाशा आमचा नाही, ओपनस्ट्रीटमॅपचा आहे. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्टने सुरू केलेला हा प्रकल्प, जगभरातली माणसं स्वतःहून रस्ते, पूल, पायऱ्या, गेट त्यात भरतात. डेटा वापरायला पैसे पडत नाहीत, पण श्रेय द्यावं लागतं आणि त्या डेटात सुधारणा करून तो डेटाबेस लोकांना दिलात तर तोही त्याच लायसन्सखाली खुला ठेवावा लागतो. बऱ्याच जणांना वाटतं की त्यांच्या साइटवरून नकाशाची चित्रं उतरवून घेतली की झालं ऑफलाइन अ‍ॅप. तसं चालत नाही, घाऊक डाउनलोडला त्यांच्या नियमात मनाई आहे आणि ती योग्यच आहे, देणग्यांवर चालणारे सर्व्हर आहेत ते. शिवाय चित्रांचं गणितच वाईट असतं, झूम एक पायरी वाढवला की चौकोनी तुकडे चौपट होतात, दोन पायऱ्या वाढवल्या तर सोळापट, एकाच शहरासाठी फोन भरून जाईल. म्हणून आम्ही कच्चा डेटा घेऊन व्हेक्टर टाइल बनवतो, म्हणजे चित्र न ठेवता रस्त्याचे बिंदू आणि त्याची माहिती ठेवायची आणि चित्र फोनने त्या त्या वेळी काढायचं. चौदाव्या झूमपर्यंतचे तुकडे ठेवले की पुढचं मोठं करून दाखवता येतं, रेघ फाटत नाही.

नकाशा दिसणं हे काम त्यामानाने सोपं निघालं. रस्ता शोधणं हा खरा धंदा. मूळ पद्धत डच संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांची, १९५६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या एका कॅफेत बसून कागद-पेन न घेता त्यांना ती सुचली आणि १९५९ मध्ये त्यांनी ती छापली, आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक नकाशा अ‍ॅपच्या पोटात तिचंच कुठलं तरी रूप आहे. १९६८ मध्ये आलेला ए-स्टार म्हणजे तीच पद्धत, फक्त मुक्कामाच्या दिशेने आधी शोधणारी. मोठी अ‍ॅप्स देशभराचे रस्ते क्षणात शोधायला आधीच शॉर्टकट काढून ठेवतात, पण ते शॉर्टकट एका ठरावीक पसंतीसाठी काढलेले असतात, पसंती बदलली की पुन्हा काढा. आमच्याकडे तर माणूस स्लायडर सरकवून सांगतो की मला चढ नको, किंवा चढ चालेल पण गर्दी नको. त्यामुळे आम्ही शॉर्टकट सोडून दिले आणि साधा ए-स्टार ठेवला. एका शहरापुरतं जाळं असेल तर चार-पाच वर्षं जुना फोनही पुरतो.

मग प्रश्न येतो की चांगला रस्ता म्हणजे काय. गाडीवाल्याला वेळ हवा असतो, बास. सायकलवाल्याचे पाय मध्ये येतात. आम्ही साधं भौतिकशास्त्र लावलं: माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो आणि वेग ताशी १८ किलोमीटर धरला तर १० मीटर उंची चढायला जेवढी ताकद जाते तेवढ्यात सपाटीवर साधारण ६०० मीटर जाता येतं. आणि सिग्नलला पूर्ण थांबून पुन्हा त्याच वेगाला यायचं म्हणजे पाऊणशे मीटर फुकट गेले असं समजा. हे कळल्यावर अ‍ॅपने सुचवलेले लांबचे रस्ते एकदम शहाणे वाटायला लागतात, अर्धा किलोमीटर जास्त पण एक टेकाड आणि चार सिग्नल वाचले. सगळ्यांना पटतं असं नाही, काहींना जवळचाच रस्ता हवा असतो आणि ते रागावून लिहितात, त्यांच्यासाठी स्लायडर आहे.

चढाचा डेटा हे प्रकरण मात्र आम्हाला सगळ्यात जास्त पुरून उरलं. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानाने ११ दिवसांत रडारने पृथ्वीवरच्या सुमारे ८० टक्के जमिनीची उंची मोजली, तो डेटा कुणालाही मिळतो, साधारण ३० मीटरला एक आकडा. ऐकायला भारी. पण रडार जमिनीपर्यंत पोचतंच असं नाही, दाट वस्तीत इमारतींच्या छपरांची उंची त्यात मिसळते, झाडांचीही मिसळते, आणि अरुंद गल्ली असेल तर ३० मीटरच्या चौकोनात रस्ता कमी आणि छपरंच जास्त. परिणाम असा की तळहातासारख्या सपाट रस्त्यावर अ‍ॅप दर थोड्या अंतरावर चढ-उतार दाखवणार, आणि त्यांची बेरीज केली की गावभर फिरून आलेल्या माणसाने डोंगर चढला म्हणून अ‍ॅप शाबासकी देणार. पुलांवर याच्या उलट, पूल दरीवरून सरळ जातो पण आकडा काही वेळा खालच्या दरीचा मिळतो, म्हणून अ‍ॅपला वाटतं की माणूस आधी दरीत उतरला आणि मग वर आला, आणि असा रस्ता नको म्हणून ते चांगला पूल सोडून भलतीकडे पाठवतं. बोगद्यात हेच टेकडीच्या माथ्याचं.

यावर उपाय असा केला की नकाशात जिथे पूल किंवा बोगदा अशी खूण आहे तिथे मधले आकडे टाकून द्यायचे आणि दोन्ही टोकांच्या उंचीत सरळ रेघ मारायची, बाकी रस्त्यांवर आकडे मऊ करून घ्यायचे, म्हणजे अचानक वर-खाली होणाऱ्या उड्या कमी करायच्या, आणि अमुक एवढ्याच्या आतला चढ मोजायचाच नाही. ते अमुक एवढं किती यावर आमच्याकडे सगळ्यात जास्त वाद झालेत. जास्त ठेवलं तर खरा छोटा चढ गायब होतो, कमी ठेवलं तर छपरं परत येतात. अजूनही काही ठिकाणी ते हातानेच ठरवलेलं आहे.

जीपीएसबद्दल लोकांचा एक पक्का गैरसमज आहे की त्याला नेट लागतं. नाही लागत, फोन फक्त उपग्रहांचं ऐकतो, उलट काही पाठवत नाही. पण उपग्रह नेमका कुठे आहे ही माहिती उपग्रह स्वतः अगदी सावकाश सांगतो, सेकंदाला ५० बिट, एका उपग्रहाचा तपशील ऐकायलाच अर्धा मिनिट जातो आणि मध्ये सिग्नल तुटला तर परत पहिल्यापासून. नेट असेल तर फोन हीच माहिती तिकडून झटकन घेतो. म्हणून नेट बंद ठेवून उंच इमारतींच्या मध्ये अ‍ॅप उघडलं की निळा ठिपका यायला वेळ लागतो आणि दोष अ‍ॅपवर येतो. आम्ही आता तिथे सरळ लिहितो की मोकळ्या जागेत अर्धा-एक मिनिट थांबा, आणि तक्रारी खरंच कमी झाल्या.

त्याहून जास्त डोकं खाल्लं ते बॅटरी वाचवणाऱ्या फोननी. सायकलवर स्क्रीन चालू ठेवण्यापेक्षा स्क्रीन बंद आणि कानात आवाज हे बरं, स्क्रीनच सगळ्यात जास्त बॅटरी खाते आणि पावसाचं पाणी पडलं की टच भलतंच काहीतरी दाबतो. पण अँड्रॉइडने २०१५ पासून झोपलेल्या फोनवरच्या अ‍ॅप्सना आवर घातला, २०१७ मध्ये मागे राहून लोकेशन घेण्यावर आणखी बंधनं आली. ती नियमात बसवता येतात, वर कायम नोटिफिकेशन दाखवून काम चालू ठेवायचं. काही फोन कंपन्या मात्र त्याच्यावर स्वतःची बॅटरी वाचवण्याची सोय घालतात आणि ती नियम पाळणाऱ्या अ‍ॅपलाही मारते. ऐन चौकात आवाज बंद. आमच्या मदत-पानावर कुठल्या फोनमध्ये कुठली सेटिंग बदलायची याचीच यादी सगळ्यात लांब आहे.

आता ती दुखणी. सगळं फोनवर होतं म्हणजे आम्हाला काहीच दिसत नाही. कुणी कुठला रस्ता मागितला, अ‍ॅपने सांगितलेलं ऐकलं की धुडकावलं, कुठे सगळेच चुकतात, काही कळत नाही. ज्यांच्याकडे हा डेटा असतो त्यांना रस्ता बंद आहे हे लोकांच्या वळण्यावरून समजतं, आम्हाला कुणीतरी ईमेल लिहील तेव्हा. मध्ये एका ओळखीच्या माणसाने सल्ला दिला की गुपचूप थोडं ट्रॅकिंग टाका, सगळेच टाकतात. आमच्याकडे त्यावर चर्चासुद्धा झाली नाही, ऑफलाइन म्हणून पैसे घ्यायचे आणि मागच्या दाराने माणूस रोज सकाळी कुठून निघतो ते जमा करायचं, हे जमणारं नव्हतं. त्याऐवजी एक बटण दिलं, इथे काहीतरी चुकलंय. दाबलं की ती जागा फोनवरच साठते, आणि माणसाने स्वतः पाठवली तरच आमच्याकडे येते. फार थोडे जण पाठवतात, पण जे पाठवतात ते एवढं नीट लिहितात की पायऱ्यांच्या कडेला सायकल ढकलायला उतार आहे का तेही कळतं. ज्याची खात्री करता येते ते आम्ही ओपनस्ट्रीटमॅपमध्येच भरतो, मग ते सगळ्यांचं होतं, आमच्याशी स्पर्धा करणाऱ्या अ‍ॅपचंसुद्धा. आमच्या कोडवाल्याला हे सुरुवातीला खटकायचं. पण दुसऱ्यांनी भरलेल्यावरच तर आमचा धंदा उभा आहे.

पैशांचं थोडक्यात. जाहिराती नकोत हे ठरलेलंच होतं, जाहिरातीला नेट लागतं. दर महिन्याच्या वर्गणीचाही विचार केला, सोडून दिला, कारण आमचा खर्च दर महिन्याला वाढत नाही तर मागायचं कुठल्या तोंडाने. एक शहर फुकट, सगळी शहरं हवी असतील तर एकदाच पैसे. यात अडचण एकच, नवीन माणसं येत राहिली तरच कमाई, जुन्यांकडून पुन्हा काही येत नाही आणि नकाशे तर त्यांनाही ताजे द्यायचे असतात. म्हणून दोन संस्थांसाठी सायकल-रस्त्यांच्या डेटाचं कामही करतो, त्यावर भाडं आणि वीज निघते.

सध्या काम चाललंय ते अपडेटवर. आत्तापर्यंत शहराचा नकाशा बदलला की अख्खी फाइल पुन्हा उतरवायला लागायची, म्हणजे ज्याचा डेटा वाचवायचा म्हणून हे अ‍ॅप त्याचाच डेटा खायचा. आता फक्त बदललेले तुकडे पाठवायचेत. नकाशाचं ते बऱ्यापैकी जमलंय, रस्त्यांच्या जाळ्याचं अजून नाही, एक पूल नवीन आला की आजूबाजूच्या रस्त्यांना फाइलमध्ये दिलेले क्रमांक हलतात आणि छोटा म्हणून बनवलेला बदल अर्ध्या फाइलएवढा होतो. पावसाळ्याआधी निघेल असं मी ईमेलमध्ये बऱ्याच जणांना सांगून ठेवलंय, कोडवाल्याला अजून सांगितलेलं नाही.