पंचगंगेसाठी किती गुंतागुंतीचे प्रारूप हवे?

उन्हाळ्यात पंचगंगेचा प्रवाह मंदावतो आणि कोल्हापूर-इचलकरंजीचे सांडपाणी पोटात घेऊन आलेले पाणी तेरवाड बंधाऱ्यामागे साचून राहते. मेलेले मासे तरंगू लागले की अधिकाऱ्यांपुढचे प्रश्न मोजकेच असतात: बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढायचे का, राधानगरी धरणातून किती पाणी सोडायचे, कोणत्या नाल्याचे सांडपाणी आधी अडवायचे. नदीच्या गणिती प्रारूपाची, म्हणजे नदीत काय घडेल हे समीकरणांनी सांगणाऱ्या मांडणीची, बांधणी या प्रश्नांपासूनच सुरू व्हावी, असे माझे ठाम मत आहे.

शैवाल, प्राणिप्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी), मासे, गाळ, नायट्रोजन, फॉस्फरस असे सारे गुंफणारे प्रारूप संशोधनासाठी मोलाचे असते. परंतु त्यातील प्रत्येक प्रक्रियेला गुणांक (तिचा वेग ठरवणारे आकडे) लागतात. ते आपल्या नदीत मोजलेले नसले तर परदेशी नद्यांवरून उसने घ्यावे लागतात, आणि मग गुणांकांचे अगदी भिन्न संच मागील नोंदींशी सारखेच जुळूनही पुढच्या उन्हाळ्याबद्दल वेगवेगळी भाकिते करू शकतात.

याउलट, अमेरिकेतील ओहायो नदीच्या अभ्यासातून स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी १९२५ मध्ये मांडलेले समीकरण दोनच प्रक्रिया धरते: घाण कुजताना पाण्यातील ऑक्सिजन खर्च होणे आणि हवेतून तो पुन्हा विरघळणे. तेवढ्यावर ऑक्सिजन कोठे सर्वांत कमी होईल, हे काढता येते.

तरीही ते जसेच्या तसे तेरवाडला लावणे मला धोक्याचे वाटते. साचलेल्या पाण्यात हवेतला ऑक्सिजन सावकाश मिसळतो, तळाचा गाळ तो ओढून घेतो, आणि शैवाल दिवसा ऑक्सिजन सोडत असले तरी रात्री तोच वापरते. त्यामुळे पहाटे तो सर्वांत कमी असतो आणि दुपारचा नमुना मात्र उगाच दिलासा देतो. शिवाय २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात सुमारे ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, ३० अंशांना जेमतेम ७.५. म्हणून गाळ आणि रात्र प्रारूपात राहिलीच पाहिजे. प्राणिप्लवक वगळले तरी चालेल. (प्रश्न कोल्हापूरच्या रंकाळा तलावातील जलपर्णीचा असता, तर फॉस्फरस आधी धरावा लागला असता.)

काय गाळायचे, हे ठरवताना एकेक प्रक्रिया वगळून पाहावी. आकडा थोडा हलूनही निर्णय तोच राहत असेल, तर ती सोडावी. निर्णय उलटत असेल, तर ती ठेवावी. अशा प्रारूपातून बंधाऱ्यावरील कर्मचाऱ्याला प्रवाह, तापमान आणि पहाटेचा ऑक्सिजन यांवरून बरगे केव्हा काढायचे, हे सांगणारा तक्ता मिळू शकतो. बरगे एकदम काढले की साचलेले पाणी शिरोळ आणि नृसिंहवाडीकडे जाते; तेव्हा खालच्या गावांचा रकानाही त्याच तक्त्यात हवा.