सायनसचा रिपोर्ट हाती येईपर्यंत

सहा वर्षं "जुना सायनस आहे" एवढंच ऐकत आले. पिवळा शेंबूड, डोकेदुखी, अँटिबायोटिकचा कोर्स, दोन महिन्यांनी पुन्हा तेच. मग नाकात हिरवट खपल्या धरू लागल्या आणि एक दिवस लेक म्हणाली, "आई, तुझ्या नाकाला घाण वास येतो." मला तर कसलाच वास येत नव्हता.

सरकारी दवाखान्यात सीटी स्कॅन लगेच झाला. अडलं ते रिपोर्टपाशी. "तीन दिवसांनी या." गेले, तर डॉक्टरांची सही राहिलेली. पुन्हा गेले, तर रजिस्टरमध्ये नावच नाही. नाक-कान-घशाची आमची ओपीडी फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी, त्यामुळे एक फेरी हुकली की तीन-चार दिवस गेलेच. दर फेरीला अर्ध्या दिवसाची रजा, खिडकीपुढे दोन तास रांग. पाचव्या फेरीला कळलं, केसपेपरवर सासरचं नाव आणि सीटीच्या फॉर्मवर आधारवरचं माहेरचं. रिपोर्ट तिथेच पडून होता! दोन्ही कागदांवर एकच नाव आहे ना, हे पहिल्याच दिवशी बघा.

त्याहून राग याचा आला, की डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट बाजूला ठेवून फिल्मच उजेडात धरली. मी ती पहिल्या दिवसापासून पिशवीत घेऊन फिरत होते. तुम्ही फिल्म दाखवायचा आग्रह धरा.

त्या म्हणाल्या, "हा अ‍ॅट्रॉफिक ऱ्हायनायटिस." सायनसमधला पू वर्षानुवर्षं नाकात उतरत राहिला की आतलं अस्तर खराब होतं, कफ पुढे ढकलणारे बारीक केस नाहीसे होतात, अस्तर सुकून आक्रसतं. मग खपल्या साठतात, त्यांत जंतू वाढतात, आणि सायनस पुन्हा पेटतो. नाक आतून रुंद झालेलं असतं, तरी चोंदल्यासारखं वाटतं, कारण हवेचा स्पर्शच कळेनासा होतो.

आता रोज दोनदा नाक धुते. खायचा सोडा आणि टाकणखार एकेक भाग, मीठ दोन भाग. त्यांची पूड डॉक्टरांनीच दिली, 280 मिलिलिटर कोमट पाण्यात घालायची. पाणी उकळून निववलेलंच हवं, नळाचं थेट नको. ते गिळायचंही नाही. मग ग्लिसरीनमधल्या 25 टक्के ग्लुकोजचे थेंब. हो, खपल्या कोरड्या असताना बोटाने ओढू नका, रक्त येतं.

दुर्गंधी गेली, लेक पुन्हा कुशीत झोपते. मला वास मात्र अजून येत नाही. फोडणी करपली तर तीच ओरडून सांगते.