साधी गाडी

दुपारी पासपोर्टच्या कव्हरमधून एक गुळगुळीत चिठोरं पडलं. दोन्ही बाजूंनी कोरं. बसचं तिकीट असणार. त्या कागदावर शाई नसतेच, उष्णतेनं अक्षरं उमटतात आणि वर्षा-दोन वर्षांत उडून जातात. शहर कुठलं ते आता कळायला मार्ग नाही. पण विमानतळावरून गावात नेणाऱ्या बसचं नक्की, कारण पासपोर्टात तिकीट खुपसण्याची वेळ एरवी येत नाही.

मला टॅक्सीनं शहरात शिरायला आवडत नाही. पैसे वाचतात, हे घरी सांगायचं कारण. खरं म्हणजे टॅक्सी फक्त माझ्यासाठी निघालेली असते आणि त्याचं उगाच दडपण येतं. विमानतळाची ती खास बसही तशीच. सामानाचे कप्पे, स्वागताची ध्वनिफीत, आणि थेट मधला चौक. साधी गाडी माझ्यासाठी आलेली नसते. कुणासाठी आलीय, ते पहिल्या दोन थांब्यांत कळतं. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली, पाळी संपवून निघालेली माणसं चढतात. झाडलोट करणारे, सामान चढवणारे, विमानातल्या जेवणाचे ट्रे लावणारे. बसल्या बसल्या झोपतात आणि नेमक्या आपल्या थांब्याला जागे होतात, ही विद्या कुठं शिकवतात कोण जाणे. लंडनला मध्यरात्री हीथ्रो विमानतळाहून एन-९ ही रात्रीची बस निघते, तीही काही नुसत्या विमानप्रवाशांच्या भरवशावर नव्हे.

हाँगकाँगमध्ये तर नंबरातच निवाडा आहे. ‘ए’वाल्या बस सरळ शहर गाठतात. ‘ई’वाल्या कार्गोच्या गोदामांवरून, तुंग चुंगच्या वसाहतीतून वळसे घेत जातात. भाडं बरंच कमी, वेळ बराच जास्त. मला विचाराल तर ‘ई’.

वेळ जास्त म्हणजे तरी किती? विमानतळच मुळात लांब. धावपट्टीलाच तीन-चार किलोमीटर सरळ जमीन लागते, वर आवाजाची कटकट, मग शहरं त्यांना बाहेर काढतात. बर्लिनचं टेम्पेलहोफ अगदी वस्तीत होतं, ते २००८ मध्ये बंद झालं. इमारतींच्या डोक्यावरून विमानं उतरायची ते हाँगकाँगचं काई ताक त्याआधी दहा वर्षं, १९९८ मध्ये. टोकियोचं नारिता तर साठेक किलोमीटरवर. लोक यावर चिडतात. मला तेवढीच खिडकी जास्त मिळते.

खिडकीचं हे वेड आजोबांचं. नव्या गावी गेले की ते सगळ्यात लांब पल्ल्याची बस धरायचे, शेवटच्या थांब्यापर्यंत जायचे आणि त्याच बसनं परत यायचे. कंडक्टर म्हणायचा, “आजोबा, उतरायचं नाही का?” हे शांतपणे, “नाही. परतीची दोन द्या. एक हाफ.” खिडकी मला मिळायची, पण बदल्यात दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचायच्या. सायकल दुरुस्ती. चष्म्याचे दुकान. एखादी राहिली की लगेच, “आणि ती पलीकडची?” मला वाचनाची सवय लागावी म्हणून हे चाललंय, असंच मला वाटायचं. त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा मी कॉलेजात होते.

पाट्या अजून वाचते, मनातल्या मनात. लिपी येत नसली तरी फारसं अडत नाही, कारण शहरांच्या कडा सगळीकडे सारख्याच. टायर, फरशा, जुन्या गाड्या, थडग्यांचे दगड. जड आणि जागा खाणारं सगळं बाहेर. मध्यावर पोचेपर्यंत दुकानं लहान आणि काचा मोठ्या होत जातात.

सोपं असतं असं मात्र नाही. चाकांच्या बॅगेला उभ्यानं न्यायचं म्हणजे प्रत्येक वळणावर तिचा स्वभाव सांभाळायचा. तिला आडवी, चाकं भिंतीकडे करून, दोन पायांत दाबून धरायची. दुसरा घोळ सुट्ट्याचा. एटीएम देणार कोऱ्या करकरीत मोठ्या नोटा, आणि डब्लिनसारख्या शहरात बसला लागणार नाणी, नोट चालणारच नाही. लंडनच्या बसनी २०१४ पासून रोख घेणंच सोडलं, नुसतं कार्ड टेकवायचं. सोय झाली. पण अनोळखी नाणी तळहातावर पसरून ड्रायव्हरपुढे धरायची आणि त्यानं हवी ती वेचून घ्यायची, हा परक्या माणसावर टाकलेला पहिला विश्वास होता, तो गेला.

हे सगळं माझ्या नवऱ्याला अजिबात पटत नाही. दहा तास बसून आल्यावर पुन्हा तासभर कशाला बसायचं, हा त्याचा प्रश्न, आणि माझ्याकडे धड उत्तर नाही. त्यामुळे दोघं असलो की टॅक्सी, एकटी असले की साधी गाडी. हॉटेलात पोचल्यावर काउंटरवरची मुलगी विचारते, प्रवास कसा झाला? मी विमानाबद्दल काहीतरी सांगून किल्ली घेते.